खाडीकाठचा ट्रायपॉड

नवी मुंबईत नेरुळला टी. एस. चाणक्य संस्थेच्या मागच्या पाणथळीवर हिवाळ्यापासून मेपर्यंत पहाटे फोटोग्राफर जमतात. त्यांच्यात नवखा कोण आणि मुरलेला कोण हे ओळखायला गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघावं लागत नाही. नवख्याच्या ट्रायपॉडचे पाय अर्धेच उघडलेले असतात आणि उंची मिळवायला मधला दांडा पुरता वर काढलेला असतो. मुरलेल्याचे पाय ऐसपैस फाकलेले, दांडा तळाला आणि तिन्हीतला एक पाय नेमका लेन्सच्या रोखाने पुढे. लेन्सचं वजन पुढे झुकतं, म्हणून आधारही पुढेच हवा.

फ्लेमिंगो ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलावर दूरवर पांगून चरतात आणि भरतीचं पाणी चढलं की चाणक्य, डीपीएस तलाव अशा आतल्या उथळ जागी विसाव्याला येतात. त्यामुळे इथला फोटोग्राफर घड्याळाआधी भरतीचं वेळापत्रक बघतो. खाडीचा हा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 साली पाणथळींच्या रामसर यादीत गेला. पक्षी असे हजारोंनी समोर असले तरी अंतर राखूनच असतात. मग 600 मिलिमीटरची लेन्स येते आणि तिच्यामागून ट्रायपॉडचा प्रश्न.

हिशेब साधा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 600 मिलिमीटरची लेन्स आडवं जेमतेम साडेतीन अंशांचं दृश्य टिपते. फोटो 6000 पिक्सेल रुंद धरला, तर कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढा हलला की चित्र सतराएक पिक्सेल सरकतं. पक्ष्याच्या डोळ्यातली चमक तेवढ्यात पुसली जाते. खाडीवरून येणारा खारा वारा याहून कितीतरी जास्त हलवतो. तरीही लाखभराच्या लेन्सखाली दोन हजारांचा स्टँड, हे दृश्य इथे नेहमीचं. सगळे पैसे काचेवर खर्च झाल्यावर उरलेल्या पैशांत पाय घ्यायचे, ही आपली खरेदीची रीतच उलटी आहे. ट्रायपॉड निवडायचा तो जमिनीपासून वर: आधी चिखल, मग पाय, मग कॅमेरा धरणारं हेड आणि शेवटी कॅमेरा.

म्हणून आधी पाय. दांडा वर न काढता हेड आणि कॅमेऱ्यासकट डोळ्याच्या उंचीला येईल असा ट्रायपॉड घ्यावा. दांडा वर गेला की तीन पायांवरचं काम एका पायावर येतं. पायांचे टप्पे जितके कमी तितके सांधे कमी आणि पकड घट्ट. पाच टप्प्यांचा ट्रायपॉड बॅगेत मावतो खरा, पण त्याचा शेवटचा टप्पा जवळपास पेन्सिलीएवढा बारीक असतो. डब्यावर छापलेला ‘इतके किलो पेलतो’ हा आकडा मोडण्याबद्दल सांगतो, थरथरण्याबद्दल नाही. आपल्या कॅमेरा-लेन्सच्या वजनाच्या निदान अडीचपट आकडा असल्याशिवाय घेऊ नये.

गिट्झोने 1994 साली कार्बन फायबरचे पाय बाजारात आणले, तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियम की कार्बन हा वाद चालू आहे. खाडीकाठी माझा कौल कार्बनला, पण हलकेपणामुळे नव्हे. खाऱ्या दमट हवेत अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, कार्बनवर नाही. कार्बनमधली थरथरही लवकर विरते. मात्र स्क्रू आणि कॉलर कार्बनच्या ट्रायपॉडलाही धातूचेच असतात. खाडीवरून घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवून, सांधे उघडून वाळवले नाहीत, तर महागडा कार्बनही दोन पावसाळ्यांत करकरायला लागतो. फिरवून घट्ट करायच्या लॉकमध्ये वाळूचे कण शिरतात, चापाच्या लॉकचे स्क्रू ढिले पडतात. दोन्हींत तोटे आहेत. चिखलात मी चाप पसंत करतो, कारण उघडा आहे की बंद हे लांबूनही दिसतं.

हेडच्या बाबतीत दुकानदार हमखास बॉल हेड पुढे करतो. निसर्गदृश्यांना, पारसिकच्या टेकडीवरून रात्रीचे दिवे टिपायला ते उत्तम. पण जड लेन्स लावून बॉल सैल केला की लेन्स धाडकन बाजूला कलंडते आणि बोट चिमटलं तर नशीब, काच फुटली तर रडणं. उडत्या पक्ष्यासाठी गिम्बल हेड. त्यात लेन्स तिच्या गुरुत्वमध्यावर पाळण्यासारखी टांगलेली असते. समतोल एकदा साधला की बोटाने ढकलावी तिकडे वळते आणि सोडाल तिथे थांबते. व्हिडिओ करणाऱ्याला दोन्ही कामाची नाहीत, त्याला फ्लुइड हेड लागतं. त्यातल्या घट्ट तेलामुळे कॅमेरा झटका न घेता सरकतो.

या सगळ्याला जोडणारा स्क्रू मात्र जगभर एकच, आणि हार्डवेअरच्या गल्लीत वाढलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. कॅमेऱ्याच्या तळाला दोन सुती, म्हणजे पाव इंची, इंचात 20 आटे. पाय आणि हेड यांच्यामध्ये बहुधा तीन सुती, इंचात 16 आटे. सगळं जग मिलिमीटरमध्ये गेलं तरी कॅमेऱ्याचा तळ सुतातच राहिला. स्क्रू हरवला म्हणून दुकानातून दोन सुती बोल्ट आणून अडीअडचणीला काम भागतं, पण लांबी मोजून घ्या. कॅमेऱ्यातलं भोक जेमतेम पाच मिलिमीटर खोल असतं आणि लांब बोल्ट पिळला की तळ फुटतो.

कॅमेरा हेडवर बसवणाऱ्या प्लेटमध्ये असा एकोपा नाही. बहुतेक कंपन्या आता अर्का-स्विस पद्धतीची तिरक्या कडांची प्लेट करतात, पण सगळ्याच नाही. एका कंपनीची प्लेट दुसरीच्या जबड्यात बसत नाही, हे पहाटे साडेपाचला कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं. मोठ्या लेन्सला स्वतःचा पाय असतो. प्लेट तिथे लावायची, कॅमेऱ्याला नाही. शिवाय अ‍ॅलन की किल्लीच्या जुडग्यात असू द्या, कारण प्लेट सैल होते ती नेहमी पक्षी जवळ आल्यावरच.

स्थिर पायांची किंमत मराठी माणसाला नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. महिन्याहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण करायचं आणि शेवटी रोप डोळ्यांदेखत वाढताना दाखवायचं. मधल्या एखाद्या दिवशी कॅमेरा बोटभर जरी सरकला असता, तर पडद्यावर रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसलं असतं. हँडल हाताने फिरवायचं असल्याने तो धोका रोजचाच होता. त्या छोट्या फिल्मने भांडवल घालणाऱ्यांचा विश्वास मिळवला.

तरीही ट्रायपॉड सगळीकडे न्यावा असं नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाची बोट फ्लेमिंगो दाखवायला निघते. तिच्यात ट्रायपॉड रोवला, की इंजिनाची थरथर तिन्ही पायांनी थेट लेन्सपर्यंत चढते. तिथे मोनोपॉड नाहीतर मांडीवर बीन बॅग बरी. बीन बॅग महाग घेऊ नये. जुन्या जीन्सची पिशवी शिवून त्यात तांदूळ किंवा राजमा भरला की झालं. लाकडी पदपथावर मागून कोणी चाललं तरी फळ्या हलतात, तेव्हा शटर दाबण्याआधी पावलं थांबू द्यावीत. समोरच्या घारापुरीला तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडताच येत नाही. आणि जवळचा फोटो मिळावा म्हणून पाय घेऊन कांदळवनाच्या चिखलात उतरू नये. तिथली श्वसनमुळं तुडवली जातात आणि एक माणूस खाली उतरला की सगळा थवा उठतो.

खरेदीला जाताना आपला कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स सोबत न्या. पाय पूर्ण उघडून घ्या, लेन्स चढवा, स्क्रीनवर एखादी लांबची पाटी दहापट मोठी करा आणि पायावर बोटाने टिचकी मारा. पाटीवरची अक्षरं दोन सेकंदांत स्थिर झाली नाहीत, तर तो ट्रायपॉड दुकानातच राहू द्या.