वाफेवर उमलणारी समृद्धी : चिनी ‘फा गाओ’ घरी कसा करावा?

चिनी चांद्र नववर्ष दरवर्षी २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या कालावधीत येते. या सणानिमित्त दक्षिण चीनमध्ये, तसेच मलेशिया आणि सिंगापूरमधील चिनी वंशाच्या कुटुंबांत ‘फा गाओ’ हा वाफवलेला केक केला जातो. ‘फा’ या शब्दाला फुगणे आणि भरभराट होणे असे दोन्ही अर्थ आहेत. ‘गाओ’ म्हणजे केक, आणि ‘उंच’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तसाच आहे. म्हणूनच केकचा माथा फुलासारखा उमलून फुटला, तर येणारे वर्ष समृद्धीचे जाईल, असे मानतात. माथा सपाट राहिला, तर घरातील वडीलधारी मंडळी खट्टू होतात. आपल्याकडे फुटलेला मोदक फसला असे समजतात. येथे मात्र फुटणे हेच यश ठरते.

पारंपरिक चिनी स्वयंपाकघरात भट्टीपेक्षा चूल, कढई आणि बांबूची वाफटोपली यांना अधिक स्थान होते. वाफेचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअस असल्याने केकवर तपकिरी कवच चढत नाही. तो मऊ आणि ओलसर राहतो.

माथा फुटण्यामागे साधे विज्ञान आहे. प्रखर वाफेने पिठाचा वरचा थर आधी घट्ट होतो. आतील भागात वायू तयार होत राहतो. वाट न मिळाल्याने तो माथा भेदून बाहेर येतो. आच मंद असल्यास ही प्रक्रिया सावकाश होते आणि केक न फुटता नुसताच फुगतो.

घरगुती कृतीसाठी तांदळाचे पीठ १०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, पाणी सुमारे १७० मिलिलिटर आणि बेकिंग पावडर दोन चमचे घ्यावी. साखर कोमट पाण्यात विरघळवून थंड करावी. पिठे चाळून त्यात हे पाणी मिसळावे. बेकिंग पावडर अगदी शेवटी घालावी. मिश्रण दाटसर असावे. ते कागदी साचे बसवलेल्या लहान वाट्यांत जवळजवळ काठोकाठ भरावे. इडलीपात्रात किंवा मोदकपात्रात पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच वाट्या आत ठेवाव्यात आणि मोठ्या आचेवर २० मिनिटे वाफवाव्यात. या वेळेत झाकण उघडू नये. धातूच्या झाकणावरून पाणी ठिबकू नये म्हणून त्याला स्वच्छ कापड बांधावे. बांबूचे झाकण हे पाणी स्वतःच शोषून घेते. जुन्या पद्धतीत बेकिंग पावडरऐवजी आंबवण किंवा यीस्ट वापरतात. त्याला वेळ अधिक लागतो, परंतु चवीला किंचित आंबूस छटा येते.

याच सणाचा दुसरा केक म्हणजे ‘न्येन गाओ’. तो चिकट तांदळाच्या पिठाचा आणि साखरेचा असतो. त्यात फुगवणारा घटक नसल्याने तो घट्ट, लवचिक होतो. या तांदळातील स्टार्च जवळजवळ संपूर्णतः अमायलोपेक्टिन या प्रकारचे असल्याने हा चिकटपणा येतो. ‘न्येन’ या उच्चाराचे ‘वर्ष’ आणि ‘चिकट’ असे दोन शब्द असून, केकच्या नावात ‘वर्षागणिक उन्नती’ ही शुभेच्छा ऐकू येते. मात्र हा केक घशात अडकू शकतो. त्यामुळे लहान मुलांना व वृद्धांना तो बारीक तुकडे करून, लक्ष ठेवूनच द्यावा.