मांजरेची वाळू आणि विहिरींचं पाणी

नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली पट्ट्यातल्या मांजरा नदीच्या वाळूला बांधकामवाल्यांत मोठा मान आहे. तांबूस, खरखरीत, मातीचा अंश नावालाच. सीमेपलीकडे हैदराबादपर्यंत तिला गिऱ्हाईक आहे.

तिचं गुपित जमिनीखाली आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला. तो झिजला की काळी चिकणमाती होते. देगलूर-बिलोलीकडे मात्र बेसाल्टचा थर संपतो आणि त्याखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. ग्रॅनाइट झिजला तरी त्यातली गारगोटी सहजी झिजत नाही, दाण्यादाण्याने उरते. लाखो वर्षांची ही शिल्लक पावसाने ओढ्यांतून मांजरेत आणून टाकली.

उन्हाळ्यात वरून कोरडं दिसणारं पात्र हात-दोन हात उकरलं की झिऱ्यात पाणी पाझरतं. आधी गढूळ, मग निवळशंख. वाळूचा दाणा पाणी पीत नाही, पण दाण्यांमधल्या पोकळीत ते साठतं. त्याचा हिशोब कुणालाही मांडता येईल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८०० लिटर जागा. भिजलेल्या जाड वाळूतून त्या जागेच्या साधारण पाव हिस्सा पाणी सुटं होतं, म्हणजे सातशे लिटर. पाच ब्रासचा हायवा डंपर वाळूघाटावरून निघाला की साडेतीन हजार लिटर पाणी धरून ठेवणारी जागा नदीतून गेली. आणि हा तोटा एकदाचाच नाही; दर पावसाळ्यात तिथे मुरलं असतं तेवढं पाणी दरवर्षी वाहून जातं.

काठच्या विहिरींचं नातं याच वाळूशी आहे. पात्र खोल गेलं की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी उताराने नदीकडे ओढलं जातं आणि विहिरींची पातळी खाली जाते. मग शेतकरी बोअर घेतो. कठीण ग्रॅनाइटमध्ये पाणी फक्त भेगांतून मिळतं. भेग लागली तर नशीब, नाहीतर कर्ज. भोवतीची वाळू गेली की पुलांचे पायेही उघडे पडतात.

नदी वाळू परत आणेल, असं सांगून पुष्कळजण मोकळे होतात. पण आणणार कुठून? मांजरा देगलूर तालुक्याच्या हद्दीला लागण्याआधी तेलंगणात निझामसागर आहे, १९३१ साली पूर्ण झालेलं. त्याची मूळ साठवण गाळाने निम्म्याहून अधिक खाल्ली; खाली यायची बरीचशी वाळू तिथेच अडकली. देगलूरजवळून वाहत मांजरेला मिळणाऱ्या लेंडीवरही मुखेड तालुक्यात गोजेगावला महाराष्ट्र आणि तेलंगणाचा संयुक्त धरण प्रकल्प आहे. धरणं हवीतच. लातूरकरांना हे सांगायला नको: याच मांजरेवरचं धनेगावचं धरण आटलं, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पण धरणाखालची वाळू आता फार हळू भरून येते, हे लक्षात घेऊनच उपसा ठरायला हवा.

जगभर हेच चाललं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार माणूस वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरतो. सिमेंटच्या घरात राहणारा प्रत्येकजण त्यात भागीदार आहे.

कायदा झोपलेला नाही. २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ६०० रुपये ब्रासने डेपोतून वाळू विकायचं ठरवलं. २०२५ च्या धोरणात डेपो मागे पडले, पुन्हा लिलाव आले आणि दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूवर भर आला. कृत्रिम वाळूची वाट बरोबर आहे, फक्त खाणी आणि क्रशरची धूळ गावाच्या छातीवर बसू नये.

उपशाआधी मोजमाप हवं. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राची पातळी मोजून किती वाळू नव्याने आली ते काढायची तरतूद आहे. मांजरेकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर तो आकडा दरवर्षी लागावा आणि शेजारी त्या वर्षी उचललेल्या ब्रासचा. दोन्ही आकडे एकत्र दिसले की घाटाचा लिलाव करायचा की नाही, यावर ग्रामसभेला कागद हातात घेऊन बोलता येईल.