आजीव सभासद ते अतिथी विद्वान

इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या कारखान्यांत काम पाळीवर आणि नगावर मोजलं जातं. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांनाही एपीआयचे, म्हणजे कामगिरी मोजणारे, गुण लावले: शोधनिबंधाला इतके, परिषदेला इतके. २०१८ मध्ये नियम बदलले, मोजणी राहिली. अशा वेळी पुण्याकडे वळून बघावंसं वाटतं.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं. तिथे शिकवणारेच आजीव सभासद, म्हणजे चालकही तेच. पगार बेताचा, पुढे पंचाहत्तर रुपये, आणि वीस वर्षांची बांधिलकी. प्राचार्य वामन शिवराम आपटे असोत की आगरकर, हुकूम सोडून भागत नसे. बरोबरीच्या माणसांना पटवावं लागे.

हे सगळं गोडीगुलाबीने चाललं असं मात्र नाही. पगारवाढ, बाहेरची कामं, अगदी होळकरांकडून आलेल्या बक्षिसाच्या रकमेवरूनही खटके उडाले. आजीव सभासद असलेल्या गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा सहकारी टिळकांचा आक्षेप सरळ होता: सभासदाचा सगळा वेळ संस्थेचा. १८९० च्या अखेरीस टिळकच बाहेर पडले. तत्त्व टिळकांचं बरोबर होतं, असं मला वाटतं. पण ते तत्त्व माणसं धरून ठेवू शकलं नाही, हेही खरं. त्यांची गणिताची जागा रिकामी झाली आणि १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. त्याच वर्षी इकडे इंदूरला शिवाजीराव होळकरांनी होळकर कॉलेज काढलं. तिथे आश्रय राजाचा होता.

भांडणातूनही फर्ग्युसनची घडी मोडली नाही. केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मोठ्या नोकऱ्या नाकारून त्याच पंचाहत्तर रुपयांवर आले, १९०२ मध्ये प्राचार्य झाले आणि दोन दशकं त्या खुर्चीत राहिले.

अर्थात अल्प पगाराचा त्याग आज कुणाकडे मागू नये. तो त्या वेळी स्वखुशीचा होता. आज तो लादला जातो. मध्य प्रदेशातले अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरते प्राध्यापक, कामाच्या दिवसांवर मानधन घेतात, आणि कॉलेजच्या निर्णयांत त्यांना फारसं कुणी विचारत नाही. त्यांच्याकडून निकालाची अपेक्षा मात्र पूर्णवेळची. प्राचार्यांनो, गुणांचे तक्ते भरून घेण्याआधी या मंडळींना बैठकीला बोलवा.