पोस्टरवर पुरुष, धरण्यावर बायका

अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची, म्हणजे चिकानोंची, चळवळ आपल्याकडे पोहोचली ती सेसार चावेझ या एका नावापुरती. शेतमजुरांचा नेता, उपोषणं करणारा, गांधींना मानणारा. तो आपल्याला लगेच जवळचा वाटला. पण या ओळखीबरोबर काही चुकीच्या समजुतीही आल्या.

त्यातली एक चटकन बाजूला ठेवू. चिकानो म्हणजे सगळेच कालपरवा सीमा ओलांडून आलेले, असं मानलं जातं. १८४८ साली ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा जवळपास अर्धा मुलूख अमेरिकेने घेतला. तिथली मेक्सिकन कुटुंबं आपापल्या घरातच होती, देश तेवढा बदलला. स्थलांतर पुढेही होत राहिलं, पण परकेपणाचा शिक्का या जुन्या रहिवाशांवरही बसला.

दुसरी समजूत अशी की शेतमजुरांचा लढा चावेझने उभारला आणि डोलोरेस ह्युएर्टा त्याची सहकारी होती. १९६२ साली शेतमजूर संघटना दोघांनी मिळून उभी केली. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप सुरू झाला. त्याची सुरुवात लॅरी इटलिआँगच्या नेतृत्वाखालच्या फिलिपिनो मजुरांनी केली आणि आठवडाभराने ही संघटना त्यात उतरली, हेही सहसा सांगितलं जात नाही. मळेवाल्यांसमोर बसून करारांच्या वाटाघाटी करायचं काम ह्युएर्टाकडे होतं. ती अकरा मुलांची आई. बाई टेबलापलीकडे बसून आकडे मागते, याची त्या मालकांना सवय नव्हती. ‘सी से प्वेदे’, म्हणजे ‘होय, जमेल’, ही घोषणाही तिचीच, १९७२ मधल्या ॲरिझोनातल्या आंदोलनातली. चावेझच्या नावावर ती इतकी वर्षं खपली की २०१२ मध्ये ह्युएर्टाला पदक देताना ओबामांनी आपल्या प्रचाराची घोषणा तिच्याकडून उचलल्याची कबुली दिली, तेव्हा अनेकांना मूळ कळलं.

पण एकटी ह्युएर्टा पुढे केली की तिसरा गैरसमज तयार होतो: ती अपवाद होती, बाकीच्या बायका मोर्चेकऱ्यांसाठी स्वयंपाक करत होत्या. स्वयंपाक त्या करतच होत्या, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नव्हत्या. टेक्सासमधल्या सान अँटोनियोत १९३८ साली अक्रोडासारखी पेकान फळं फोडणाऱ्या सुमारे बारा हजार कामगारांनी मजुरीकपातीविरुद्ध संप केला. त्यात बहुसंख्य मेक्सिकन बायका होत्या आणि त्यांची पुढारी एमा तेनायुका जेमतेम एकवीस वर्षांची होती.

न्यू मेक्सिकोतली गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९५० मध्ये एम्पायर झिंक कंपनीच्या खाणकामगारांनी संप पुकारला. पुढच्या वर्षी कोर्टाने त्यांना खाणीच्या वाटेवर धरणं धरायला मनाई केली. मनाई कामगारांना होती. त्यांच्या बायकांचा हुकमात उल्लेख नव्हता. संघटनेच्या सभेत वाद रंगला, काही नवरे अगदी नाराज झाले, पण अखेर बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या. त्यांना मुलाबाळांसकट तुरुंगात टाकलं, तरी त्या हटल्या नाहीत. इकडे घरी लाकडं फोडायची, पाणी तापवायचं, कपडे धुवायचे हे सगळं पुरुषांच्या गळ्यात पडलं. कंपनीच्या गोऱ्या कामगारांच्या घरांत नळ होते, मेक्सिकनांच्या घरांत नव्हते. घरात नळ हवा, ही मागणी बायका सुरुवातीपासून करत होत्या आणि संघटना ती मागच्या रांगेत ढकलत होती. बंब पेटवायची पाळी आल्यावर तिचं वजन नवऱ्यांना उमगलं. या संपावरचा ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ हा चित्रपट १९५४ मध्ये आला, तेव्हा कम्युनिस्टविरोधी वातावरणात अमेरिकेतल्या बहुतेक चित्रपटगृहांनी तो लावलाच नाही.

१९६९ च्या डिसेंबरात टेक्सासच्या क्रिस्टल सिटीत शाळा ओस पडली, तीही मुलींमुळे. शाळेत मेक्सिकन मुलं बहुसंख्य होती, पण सामन्यात संघाला चेतवणाऱ्या चौघींपैकी तिघी गोऱ्याच असायच्या, असा अलिखित दंडक होता. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. सेवेरिता लारा या विद्यार्थिनीने त्यावरून पत्रकं वाटली, निलंबन ओढवून घेतलं आणि वर्ग रिकामे केले. त्याच धगीतून जानेवारी १९७० मध्ये ‘ला रासा उनिदा’ हा राजकीय पक्ष उभा राहिला. इतिहासात संस्थापक म्हणून नाव येतं ते होसे आंखेल गुतिएरेस यांचं.

चौथा गैरसमज चळवळीने स्वतःच पसरवला: स्त्रीमुक्ती ही गोऱ्या बायकांची भानगड, चिकाना, म्हणजे चिकानो समाजातल्या, स्त्रियांना ती नकोच आहे. १९६९ च्या डेन्व्हरच्या युवा परिषदेत स्त्रियांच्या गटाचा अहवाल नेमका असाच मांडला गेला आणि पुढे पुरावा म्हणून तो उगाळला गेला. एनरिकेता वास्केसने लगेच लेख लिहून त्याला आक्षेप घेतला, हे मात्र कोणी उगाळलं नाही. लाँग बीचच्या विद्यापीठात ॲना निएतोगोमेस विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष निवडून आली, तेव्हा विरोधकांनी तिचा पुतळा टांगला आणि खोटी अंत्ययात्रा काढली. तिने मैत्रिणींसह १९७१ मध्ये वर्तमानपत्र काढलं आणि नाव दिलं ‘इखास दे क्वाउतेमोक’. मेक्सिकन क्रांतीच्या काळातल्या एका स्त्री-संघटनेचं हे नाव. म्हणजे वारसा त्या गोऱ्या बायकांकडून घेत नव्हत्या. लॉस एंजेलिसच्या ‘ब्राउन बेरेट्स’मध्ये हाच प्रकार. मुंबईत दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, त्याच्याच धर्तीवरची ही संघटना. तिचा मोफत दवाखाना ग्लोरिया आरेयानेस चालवायची. निर्णयांत जागा मिळेना, म्हणून १९७० मध्ये तिने आणि इतर बायकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले.

याचा अर्थ बायकांत एकमत होतं असाही नाही. मे १९७१ मध्ये ह्यूस्टनला चिकाना स्त्रियांच्या परिषदेसाठी सहाशे जणी जमल्या आणि त्यातल्या जवळपास निम्म्या उठून गेल्या. गोऱ्या संस्थेच्या जागेत बसायचंच कशाला, हा त्यांचा एक आक्षेप होता.

गोऱ्या स्त्रीवादाशी खरं अंतर कुठे होतं, ते लॉस एंजेलिसच्या सरकारी इस्पितळात दिसलं. बाळंतपणाच्या कळा सोसत असलेल्या मेक्सिकन बायकांपुढे इंग्रजी कागद सरकवून सह्या घेतल्या जात आणि त्यांची नसबंदी केली जाई. गोऱ्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांचा हट्ट मागेल तेव्हा नसबंदी मिळण्याचा होता, म्हणून सक्तीच्या प्रतीक्षाकाळाला त्यांतल्या अनेकींनी विरोध केला. चिकाना स्त्रियांना तोच प्रतीक्षाकाळ हवा होता. १९७५ मध्ये दहा जणींनी दावा लावला. तरुण वकील आंतोनिया एर्नांदेस त्यांच्या बाजूने उभी राहिली. १९७८ मध्ये त्या हरल्या. न्यायाधीशांच्या मते हा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला संवादाचा घोटाळा होता. पण या लढ्यामुळे संमतीपत्रं स्पॅनिशमध्ये आली आणि नसबंदीचे नियम कडक झाले. लॉस एंजेलिस काउंटीने माफी मागितली ती २०१८ मध्ये.