विंडोज १० चा सपोर्ट संपला; घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा का?



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते आणि ती सोय कायमची नाही. तुम्ही म्हणाल, "माझा कॉम्प्युटर तर मस्त चालतोय." चालणारच. बंद काहीच पडत नाही, फक्त नवीन सापडलेल्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत. आणि आपल्या भिवपुरी-कर्जत पट्ट्यात घरच्याच कॉम्प्युटरवर मुलांचा अभ्यासही होतो आणि धंद्याचं बँकिंग, जीएसटीही होतं. म्हणून हा विषय पैशाचा आहे.

विंडोज ११ टाकावी, तर तिला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. जुन्या मशीन इथेच अडकतात. मग नवीन घ्यायचा का? थांबा. आधी लिनक्स बघू.

लिनक्स म्हणजे काय?

१९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेलं काम. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. हे फक्त इंजिनिअर लोकांचं खेळणं नाही. केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं कित्येक वर्षं यावरच शिकतात. आपल्या सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स बनवली. लिनक्सवर मराठी नीट दिसावं म्हणून उपयोगी पडलेल्या 'लोहित' फॉन्टवर रेड हॅटच्या पुण्यातल्या टीमने काम केलं आहे.

घरासाठी मी 'लिनक्स मिंट' सुचवतो. स्टार्ट मेनू, खाली पट्टी, सगळं ओळखीचं वाटतं. कमीत कमी २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असेल तर बरं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आधी वही घ्या

"फुकट आहे ना, टाकून टाका" असं करू नका. आठवडाभर या कॉम्प्युटरवर घरातलं कोण काय करतं ते वहीत लिहा. मग तीन भाग पाडा.

पहिला, सरळ चालणारी कामं: इंटरनेट, ईमेल, यूट्यूब, पीडीएफ, ब्राउझरमधलं बँकिंग. ओटीपीने भरायचं जीएसटी रिटर्नही यातच. पत्रं आणि हिशोबाच्या शीटसाठी लिब्रेऑफिस आधीच टाकलेलं असतं, त्यात वर्ड-एक्सेलच्या फाइल उघडतात.

दुसरा, तपासून बघायची कामं: प्रिंटर, स्कॅनर, वायफाय, डिजिटल सहीचं टोकन, मॅक्रो असलेल्या एक्सेल शीट.

तिसरा, विंडोजच लागणारी कामं: टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ, श्रीलिपीवरचं डीटीपी. तुमची रोजची भाकरी यावर असेल, तर त्या मशीनला हात लावू नका. घरातल्या दुसऱ्या मशीनवर लिनक्स टाका.

आता इन्स्टॉल

१. फोटो, हिशोब, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइल उघडून बघा. न उघडणारा बॅकअप हा बॅकअप नसतो.

२. मिंटच्या अधिकृत साइटवरून फाइल डाउनलोड करा. सुमारे ३ जीबीची आहे. रूफस किंवा एचरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, लक्षात ठेवा.

३. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा. मिंट इन्स्टॉल न करताच चालू होते. याला 'लाइव्ह' म्हणतात. आता वहीतला दुसरा भाग काढा. एक प्रिंट मारा, आवाज ऐका, वायफाय जोडा. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा नेट मिळतं.

४. सगळं जमलं तरच इन्स्टॉल करा. 'डिस्क पुसा' हा पर्याय खरोखर सगळी डिस्क पुसतो! माझा सल्ला असा: जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नवीन एसएसडी लावून तिच्यावर मिंट टाका. मशीनचा वेग वाढतो, आणि नाही आवडलं तर जुनी डिस्क परत लावली की विंडोज हजर.

५. आपल्या भिवपुरीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून आहे, म्हणून आपल्या घरातली लाइट जात नाही असं नाही! पावसाळ्यात यूपीएसशिवाय इन्स्टॉलला बसू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी फुल करून बसा.

टाकल्यावर

पहिल्याच दिवशी तीन कामं करा. अपडेट मॅनेजर चालवा. टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे सिस्टीम बिघडली तर आधीच्या दिवसावर परत नेता येते. पण ते सिस्टीमसाठी आहे, तुमच्या फाइलचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. तिसरं, कीबोर्डच्या सेटिंगमधून मराठी इनस्क्रिप्ट जोडा. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या मराठी फाइल मात्र तो फॉन्ट टाकल्याशिवाय वाचता येणार नाहीत.

आणखी एक. विंडोजच्या .एक्सई फाइल इथे डबल क्लिकने चालत नाहीत. सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. मोबाइलच्या प्ले स्टोअरसारखंच आहे ते. घरच्यांना हे आधी सांगा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी "कॉम्प्युटर बिघडला" अशी तक्रार येईल.

नवीन कॉम्प्युटरचे पैसे वाचले तर ते धंद्यात माल भरायला कामी येतील. आणि यादी करून कळलं की तुम्हाला विंडोजच लागते, तरी हरकत नाही. तेव्हा नवीन मशीनवर केलेला खर्च डोळसपणे केलेला असेल. या रविवारी फक्त वही आणि पेनड्राइव्ह, एवढंच करा. डिस्कला हात पुढच्या रविवारी!