आईचं लग्न आणि एकतीस जणांची समिती

माझ्या आईचं लग्न झालं तेव्हा ती १९ वर्षांची होती. हे मला कायम माहीत होतं, पण त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही. मागच्या वर्षी आमच्या वादविवाद स्पर्धेला विषय मिळाला, ‘मुलींच्या लग्नाचं वय २१ असावं’. मला विरोधी बाजू आली. तयारीसाठी मूळ विधेयक उघडलं आणि पहिल्याच पानावर व्याख्या सापडली: ज्या पुरुषाला किंवा स्त्रीला २१ वर्षं पूर्ण झालेली नाहीत, तो किंवा ती ‘बालक’. म्हणजे त्या हिशोबाने माझी आई बालवधू ठरली असती. रात्री जेवताना मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग तुझ्या बाबांना तुरुंगात टाकणार का आता?” बाबा भाकरी मोडत होते, ते काहीच बोलले नाहीत.

(घाबरायचं कारण नव्हतं. असा कायदा मागच्या लग्नांना लागू होत नाही. शिवाय मंजुरीनंतर दोन वर्षांनी तो अमलात यावा, अशी तरतूद त्या विधेयकातच होती.)

स्पर्धा मी हरले, पण एक प्रश्न डोक्यात राहिला. हे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. मग पुढे त्याचं झालं काय? उत्तर एका ओळीत मिळालं: ‘स्थायी समितीकडे पाठवलं.’ आपण बेळगावकर दर हिवाळ्यात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधापाशी अधिवेशन बघतो. मोर्चे, मंडप, बॅरिकेड्स, अडवलेले रस्ते. टीव्हीवर सभागृहातली ओरडाआरड बघतो. पण ‘समितीकडे पाठवलं’ म्हणजे नक्की कुठे पाठवलं, हे मला एकविसाव्या वर्षीही ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

तर ते असं. संसदेत विभागवार स्थायी समित्या आहेत. १९९३ मध्ये १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ खासदार, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री सदस्य होऊ शकत नाही, आणि हे बरोबरच आहे, कारण ज्याचं विधेयक त्यानेच ते तपासलं तर त्याला तपासणं कसं म्हणायचं? याशिवाय एखाद्याच विधेयकापुरती नेमलेली प्रवर समिती असते, किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती. काम संपलं की ती विसर्जित होते. आपलं विधेयक गेलं ते शिक्षण, महिला, बालक, युवक व क्रीडा या विषयांच्या स्थायी समितीकडे. तेव्हा तिचे अध्यक्ष विनय सहस्रबुद्धे होते.

विधेयक समितीकडे आलं की आधी संबंधित मंत्रालयाच्या सचिवांना बोलावतात. हा कायदा का हवा, आत्ताच का, आकडे कुठले, हे त्यांनी सांगायचं. मग समिती जाहीर सूचना काढते: कोणाला काही म्हणायचं असेल त्यांनी अमुक दिवसांत लेखी निवेदन पाठवावं, प्रत्यक्ष येऊन बोलायचं असेल तर तसंही कळवावं.

हे वाचताना मला आपल्या चर्चमधल्या लग्नाच्या घोषणा आठवल्या. रविवारच्या मिस्सात फादर जाहीर करतात, अमुक मुलाचं तमुक मुलीशी लग्न ठरलंय, कोणाला अडथळा माहीत असेल तर पॅरिश प्रीस्टला सांगावं. त्या क्षणी मागच्या बाकांवर कुजबुज होते, पण उठून कोणी जात नाही. समितीच्या सूचनेचंही थोडं असंच होत असावं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चौकट येते आणि त्याच पानात दुसऱ्या दिवशी भजी बांधली जातात.

जी निवेदनं येतात त्यांतून समिती साक्षीदार निवडते. त्यात संघटना असतात, वकील असतात, डॉक्टर, प्राध्यापक, कधी राज्य सरकारांचे अधिकारी. कोणालाही समन्स काढण्याचा, कागदपत्रं मागवण्याचा अधिकार समितीला असतो. सरकार फक्त देशाच्या सुरक्षेचं किंवा हिताचं कारण देऊन एखादा कागद नाकारू शकतं. बैठक बंद दाराआड होते. पत्रकार नाहीत, कॅमेरा नाही. बोललेला शब्द न् शब्द मात्र लिहून घेतला जातो, आणि अध्यक्ष साक्षीदाराला आधीच सांगून ठेवतात की तुमची साक्ष पुढे छापली जाऊ शकते.

बंद दार मला आधी खटकलं होतं. लोकांचा कायदा, मग लोकांपासून लपवायचं कशाला? पण जितके अहवाल वाचले तितकं मत बदलत गेलं. कॅमेरा नसला की खासदाराला पक्षासाठी भाषण ठोकावं लागत नाही. तो खरोखरच विचारू शकतो, “हे मला समजलं नाही, परत सांगा.” सभागृहात हे वाक्य कोण उच्चारेल? मतदानासाठी पक्षाचा व्हिपही समितीत नसतो.

साक्षी झाल्या की विधेयकाचा एकेक खंड घेऊन बसतात. अहवालांत याचे तक्ते असतात: एका बाजूला लोकांची सूचना, समोर मंत्रालयाचं उत्तर. आम्ही साहित्याचे विद्यार्थी एका कवितेतल्या एका शब्दावर अर्धा तास भांडतो, इथे तेच चालतं, फक्त शब्द चुकला तर माणसं कोर्टात जातात. मी एक नमुना स्वतः करून पाहिला. या विधेयकात १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ६० मधलं मुलीचं वय १८ वरून २१ करायचं होतं. मी मूळ कायदा काढला. कलम ६० ज्या भागात आहे तो भाग रोमन कॅथलिकांच्या आपसातल्या लग्नांना लागूच नाही, असं कलम ६५ सांगतं! म्हणजे माझ्या आईसारख्यांसाठी तो बदल कागदावरच राहिला असता. मग कॅथलिक मुली सुटल्या का? तर नाही, कारण बालविवाह प्रतिबंधाचा मुख्य कायदा सर्वांवर आहे, आणि इतर सर्व कायद्यांपेक्षा, रूढींपेक्षा तो वरचढ राहील असा वेगळा खंडही या विधेयकात होता. खुद्द चर्चच्या कॅनन लॉमध्ये किमान वय मुलीला १४ आणि मुलाला १६ आहे. ते ऐकून आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुली हबकल्या. अर्थात फादर देशाच्या कायद्याबाहेर जाऊन लग्न लावत नाहीत. सांगायचं एवढंच, की हा धागा शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि विधेयक सात वेगवेगळ्या कायद्यांना हात घालत होतं. असलं काम चारशे-पाचशे जणांच्या गोंगाटात होणं शक्यच नाही.

समितीने खरंच फरक पडतो का? सरोगसीचं विधेयक बघा. २०१६ च्या मसुद्यात अट होती की दुसऱ्यासाठी गर्भ वाढवणारी बाई जोडप्याची जवळची नातलगच हवी. पैशाचा व्यवहार टळावा हा हेतू. आरोग्याच्या स्थायी समितीने २०१७ च्या अहवालात यावर बोट ठेवलं: आपल्या कुटुंबांत प्रत्येक बाईला ‘नाही’ म्हणता येतं का? घरच्यांनी गळ घातली तर ती नकार कुठल्या तोंडाने देणार? ते विधेयक लोकसभेची मुदत संपल्याने बारगळलं, २०१९ मध्ये पुन्हा आलं, लोकसभेत मंजूर झालं, आणि राज्यसभेने ते प्रवर समितीकडे धाडलं. फेब्रुवारी २०२० मधल्या त्या समितीच्या अहवालाने ‘जवळची नातलग’ काढून ‘इच्छुक स्त्री’ करायला सांगितलं, विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांनाही वाट द्यायला सांगितली. २०२१ च्या कायद्यात हे बदल आहेत. आपल्या चर्चचा सरोगसीलाच विरोध आहे, तो वाद निराळा. पण कायदा होणारच असेल तर ‘नाही म्हणता येतं का’ हा प्रश्न कोणीतरी त्या टेबलावर ठेवला, याला मी फार मोल देते.

आणि लग्नाच्या वयाची गोष्ट तर समित्यांनीच घडवलेली आहे. हरबिलास सारडा यांनी १९२७ मध्ये आणलेलं विधेयक फक्त हिंदूंसाठी होतं. प्रवर समितीत त्याचं रूप पालटलं आणि ते सर्व धर्मांसाठी झालं. त्याच सुमारास सरकारने संमतिवयावर वेगळी समिती नेमली होती, तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. तिने देशभर फिरून साक्षी घेतल्या. शेवटी १९२९ चा कायदा झाला: मुलगी १४, मुलगा १८. म्हणजे माझ्या खापरपणजीच्या लग्नाचं वयही एका समितीच्या टेबलावरच ठरलं होतं म्हणायचं.

आता २०२१ च्या विधेयकाकडे परत येते. सरकारचं म्हणणं होतं की मुलगा-मुलगी यांच्यात भेद नको, आणि मुलींना शिकायला, कमवायला वेळ मिळावा. विरोधात म्हटलं जात होतं की १८ व्या वर्षी मत देता येतं, करार करता येतो, मग लग्न का नाही? शिवाय १८ चा कायदा तरी कुठे नीट पाळला जातोय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयोगटातल्या २३.३ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. आणि पळून जाऊन लग्न करणाऱ्या पोरींवर आईबाप हाच कायदा उगारतील, अशीही भीती होती. मी स्पर्धेत विरोधी बाजू मांडली, पण मनातून मी आजही कुंपणावरच आहे. आईला विचारलं तर ती म्हणते, “दोन वर्षं अजून मिळाली असती तर बी.ए. झाले असते. पण कायद्याने थांबवलं असतं तर तेव्हा मला राग आला असता.”

त्या समितीत ३१ सदस्य होते आणि जानेवारी २०२२ मध्ये बातमी आली की त्यांत स्त्री एकच आहे, सुश्मिता देव. देशातल्या मुलींच्या लग्नाचं वय ठरवायचं, आणि टेबलाभोवती तीस पुरुष! नियमाने यात गैर काही नाही. सदस्य पक्षांच्या संख्याबळावरून ठरतात, विषयावरून नाही. इतरांना मत मांडायला बोलावण्याचा अधिकार अध्यक्षांना असतो. तरी मला ते चित्र डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. आईचं ‘पण’ त्या खोलीत कोणाला समजलं असतं?

समितीला मुदत दिली गेली, ती वाढवली गेली, पुन्हा वाढवली गेली. जून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि लोकसभेत प्रलंबित असलेलं हे विधेयक व्यपगत झालं. राज्यसभेत मांडलेलं आणि तिथेच पडून असलेलं विधेयक असं मरत नाही, लोकसभेचं मात्र मरतं. समिती कायदा सुधारू शकते, तशीच ती त्याला थंड डब्यातही ठेवू शकते. शिवाय तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, आणि विधेयक समितीकडे पाठवायलाच हवं असंही नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. रेंगाळलेलं विधेयक वाईट की न तपासता धावलेलं? मला विचाराल तर दुसरं.

एखाद्या सदस्याला बहुमताचा अहवाल पटला नाही तर तो भिन्नमतपत्रिका जोडू शकतो. ज्यांना अहवाल वाचायचा कंटाळा येतो त्यांनी निदान ही शेवटची पानं वाचावीत. सगळ्यात जिवंत गद्य तिथेच असतं.

आणि निवेदन तुम्हीही पाठवू शकता. त्यासाठी संस्था लागत नाही, वकील लागत नाही. राज्यसभा आणि लोकसभा सचिवालयांच्या सूचनांत साधारणपणे लिहिलेलं असतं: दोन प्रती, इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी त्यात नाही, कन्नडही नाही. म्हणून आईचं ते वाक्य मी इंग्रजीत करून बघितलं, मग हिंदीत. ‘राग आला असता’ दोन्हीकडे जमलं. ‘बी.ए. झाले असते’ म्हणताना ती जे थांबते, ते कसं लिहायचं हे अजून सुचलेलं नाही. मंडळाच्या पुढच्या अनुवाद-बैठकीत ही दोन वाक्यं घेऊन येणार आहे.