बटण बिघडले, यंत्र नव्हे!

अमरावती-अकोल्याकडील उन्हाळ्यात धूळ कुठे शिरत नाही? समजा, तुमचा छोटा लॅपटॉप बटण दाबूनही सुरू होत नाही. तो भंगारात द्यायचा का? थांबा!

घरातील दिव्याचे बटण दिव्याचा सगळा प्रवाहच तोडते. लॅपटॉपचे बटण मात्र क्षणभर दोन टोके जोडून आतल्या नियंत्रकाला नुसता इशारा देते. त्यातील धातूची इवलीशी घुमटाकार चकती झिजली किंवा धूळ अडकली, की इशारा पोचत नाही.

शिक्षकांसमक्ष चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा. बटणाला बहुधा चार पाय असतात. ते आतून दोन-दोन जोडलेले. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन पायांना मल्टिमीटर लावा. बटण दाबूनही रोध शून्याजवळ येत नाही? मग दोष बटणाचाच! जाणत्याकडून डाख लावून नवे बसवून घ्या. आधी निदान, मग दुरुस्ती!